पृथ्वी कधी संपेल, असं लेकरानं विचारलं तर

मायबापहो,

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या शाळेत असो की दारव्ह्याच्या, हल्ली विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. फळ्यावर पचनसंस्था काढलेली असली तरी येतो. "मॅडम, पृथ्वी कधी संपणार?" काही लेकरं तर तारीख घेऊनच येतात. एकाला 2029 मध्ये मोठा दगड आदळणार असं कळलेलं असतं, दुसऱ्याला 2032 मध्ये मुंबई जाणार असं. एखादी मुलगी तास संपल्यावर मागं रेंगाळते आणि हळूच विचारते, "सूर्य विझला तर आपल्या वावराचं काय होईल?"

हा प्रश्न शाळेत येण्याआधी तुमच्या घरी विचारून झालेला असतो. "घरी काय म्हणाले?" असं विचारलं की लेकरं सांगतात, "बाबा म्हणाले, गप बस, तुले काय करायचं? अभ्यास कर." कोणाकडे सगळे हसले, कोणाच्या आजीनं देवावर सोडलं, कोणाच्या आईनं मोबाइल काढून घेतला. दिवसभर डवरणी-निंदणी करून आलेल्या माणसाला रात्रीच्या जेवणाच्या वेळी विश्वाच्या अंताबद्दल कोणी विचारलं, तर तो दुसरं काय म्हणणार? तुमचं चुकलं असं सांगायला मी हे लिहीत नाही. पण हा प्रश्न दाबला म्हणून जात नाही. तो मोबाइलकडे जातो, आणि मोबाइल त्याला रात्री अकरा वाजता आगीचे गोळे दाखवून उत्तर देतो.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. लेकराला खरं सांगा, त्या खऱ्याचं माप सांगा, आणि त्याच्या हाताला काहीतरी काम द्या. एवढं केलं की बहुतेक भीती आटोक्यात येते. मात्र या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा एक वेगळाच प्रश्न असतो. त्याच्याबद्दल पुढं बोलू, कारण खरं हितगुज तिथंच आहे.

आबाजींना विचारा

जग बुडण्याच्या तारखा ही काही मोबाइलची देणगी नाही. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ लेकराला बसवा. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर यज्ञ झाले, जप झाले, माणसं प्रवास टाळून घरी बसली. काही झालं नाही. जुलै 1979 मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही सत्तर टनांहून जड प्रयोगशाळा आकाशातून खाली यायची होती. ती आपल्याच गावावर पडेल असं खेडोपाडी वाटत होतं. 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. पुढं 21 डिसेंबर 2012 ही तारीख माया लोकांच्या पंचांगावरून गाजली. ती तर तुम्हालाच आठवत असेल.

अलीकडचं उदाहरण आपल्याच आकाशातलं आहे. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, आसपास धातूचे गोळे सापडले. पुढं कळलं की ते चीनच्या रॉकेटचे अवशेष असावेत. या गोष्टी लेकराला सांगताना "बघ, काहीच झालं नाही ना" एवढ्यावर थांबू नका. अवशेष खरोखर पडले होते, भीती अगदीच निराधार नव्हती. पण जे पडलं त्याला नाव होतं, कारण होतं, आणि ते कारण शोधून काढता आलं. लेकराच्या मनात हे राहिलं पाहिजे.

आणखी एक घटना सांगते, ती फक्त तुमच्यासाठी. सप्टेंबर 2008 मध्ये युरोपात जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात अणूंच्या आतल्या कणांची टक्कर घडवणारं यंत्र सुरू व्हायचं होतं. आपल्या काही वाहिन्यांनी त्यावरून जग संपण्याचे कार्यक्रम दिवसेंदिवस चालवले. त्या भीतीनं शेजारच्या मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीनं जीव दिल्याची बातमी आली. काळजी करू नकोस, असं घरच्यांनी तिला समजावलंही होतं. यंत्र सुरू झालं, वर्षानुवर्षं चाललं, आणि पृथ्वी जागेवर आहे. नुसत्या "काळजी करू नको" नं काम भागत नाही, एवढ्यासाठी ही गोष्ट आपण मोठ्यांनी लक्षात ठेवायची.

खरं सांगा, पण मापानं

मग त्या 2029 च्या दगडाचं काय? तो आहे. त्याचं नाव अपोफिस. सुमारे साडेतीनशे मीटर रुंदीचा हा लघुग्रह 2004 मध्ये सापडला. पहिल्या काही दिवसांच्या निरीक्षणांवरून तो पृथ्वीला धडकण्याची थोडी शक्यता दिसत होती. पुढं त्याचा मार्ग नीट मोजला गेला. 2021 च्या रडार-निरीक्षणांनंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं की निदान पुढची शंभर वर्षं तो धडकणार नाही. 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीपासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाईल. आपल्या टीव्हीचे उपग्रह याच्याहून लांब आहेत. तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडे 14 एप्रिलचे पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतील. त्या रात्री आपल्याकडे भीमजयंतीमुळे माणसं तशीही जागीच असतात. लेकराला म्हणा, "लिहून ठेव, त्या रात्री तू किती वर्षांचा असशील ते." मनातली तारीख अशी वहीत उतरली की तिची दहशत बरीच कमी होते.

2032 ची तारीख 2024 वायआर4 नावाच्या छोट्या लघुग्रहाची. तो डिसेंबर 2024 मध्ये सापडला. आकार साधारण साठ मीटर. फेब्रुवारी 2025 मध्ये तो पृथ्वीला धडकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या वर गेली, आणि संभाव्य पट्ट्यात भारतही येत असल्यानं बातम्यांत मुंबईचं नाव झळकलं. काही दिवसांतच नवी निरीक्षणं आली आणि ती शक्यता जवळजवळ शून्यावर उतरली. टक्का चढला ती बातमी सगळ्यांपर्यंत पोचली, उतरला ती फार थोड्यांपर्यंत. टक्का आधी का चढतो, हे आठवीच्या मुलालाही समजतं. सुरुवातीला दगडाच्या वाटेचा अंदाज रुंद पट्ट्याएवढा असतो. मोजमाप वाढत जातं तसा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर टक्का वाढताना दिसतो. ती पट्ट्याच्या बाहेर पडली की टक्का एकदम कोसळतो.

शिवाय माणूस आता नुसता बघत बसलेला नाही. 26 सप्टेंबर 2022 ला नासानं डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम एक यान आदळवलं. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीची त्याची फेरी त्या धडकेनं अर्ध्या तासाहून जास्त लवकर पूर्ण होऊ लागली. दगडाची वाट बदलता येते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. एक किलोमीटरहून मोठ्या, पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी 90 टक्क्यांहून जास्त शोधून झाले आहेत आणि त्यांतला एकही येत्या शंभर वर्षांत धडकणार नाही.

सूर्याचं उत्तर आणखी सोपं आहे. सूर्य विझायला सुमारे 500 कोटी वर्षं आहेत. त्याच्या बऱ्याच आधी, साधारण 100 कोटी वर्षांनी, तो इतका तापेल की पृथ्वीवर पाणी टिकणं कठीण होईल. म्हणजे एका अर्थानं लेकरू बरोबर विचारतं, शेवट आहे. पण आपल्यासारखी माणसं या पृथ्वीवर येऊन अजून सुमारे तीन लाखच वर्षं झाली आहेत. 100 कोटी आणि तीन लाख हे दोन आकडे पाटीवर एकाखाली एक लिहायला सांगा, शून्यं मोजायला सांगा. भीतीनं रडवेलं झालेलं पोर शून्यं मोजता मोजता तुमच्याशीच वाद घालू लागतं.

आपल्या पायाखाली काय आहे

एक उद्योग तुम्ही घरीच करू शकता. विहिरीवर गेलात की लेकराला कठड्याजवळ हात धरून उभं करा आणि आतल्या थरांकडे बोट दाखवा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर येत राहिला, थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, आणि पश्चिमेकडे सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. आपल्याच जिल्ह्यात शिबला-पारडी भागात रस्त्याचं काम चालू असताना याच लाव्ह्याचे खांबासारखे, कोन असलेले दगड उघडे पडले होते.

त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्याशी सुमारे दहा किलोमीटरचा लघुग्रह आदळला. पृथ्वीवरच्या जीवजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश नष्ट झाल्या. मुख्य घाव लघुग्रहाचा की आपल्या लाव्ह्याचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. म्हणजे पृथ्वीवरचं जीवन संपत आलं होतं असा जो एक काळ मानतात, त्याचा मोठा साक्षीदार आपल्या विहिरीत आहे.

पुढची गोष्ट लेकराला आवर्जून सांगा. हा लाव्हा एकदम आला नाही. दोन लोटांच्या मध्ये हजारो वर्षांची शांतता असे. त्या काळात थंड झालेल्या दगडावर पाणी साचून तळी झाली, त्यांत शंख-शिंपले आले, मासे आले, काठाला झाडं उगवली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्यानं सगळं झाकलं. पुन्हा तळी, पुन्हा शंख. विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात ते शंख दगड होऊन सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरांची हाडं सापडली, आणि दगड झालेलं त्यांचं शेणही. त्या शेणाच्या अभ्यासातून 2005 मध्ये जगाला कळलं की डायनासोरांच्या काळात गवत होतं आणि त्यांच्या पोटातही जात होतं. डायनासोर गेले, गवत राहिलं. ज्वारी, गहू, तांदूळ ही सगळी गवताच्याच कुळातली. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी तर डायनासोरांच्याच एका शाखेची वारस. त्या महासंहारातून जे उरलं, ते आज आपल्या ताटात आहे आणि आपल्या अंगणात आहे.

जमलं तर सुट्टीत लोणारला जाऊन या. इथून सरळ रेषेत ते दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्यासारख्याच काळ्या पाषाणावर आकाशातून अशनी आदळून झालेला तो खड्डा, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. नव्या मोजमापानुसार त्याचं वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. त्या दिवशी तिथं काहीच जिवंत राहिलं नसणार. आज तिथं झाडी आहे, मोर आहेत, खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव आहेत, काठावर प्राचीन देवळं आहेत, आणि 2020 पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचं नाव आहे. खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की पोरांना न सांगता दोन्ही गोष्टी समजतात: असं होऊ शकतं, आणि त्याच्यानंतरही काहीतरी होतं.

घाबरायचंच असेल तर नाल्याला घाबरा

आता जवळचं बोलू. लेकराला लघुग्रहाची भीती वाटते आणि पुलावरून वाहणाऱ्या पाण्याची गंमत वाटते. हे उलटं करायचं काम आपलं आहे. 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावर पाणी असताना एसटीची बस वाहून गेली आणि माणसं दगावली. 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. आपल्या तालुक्यातून अडाण वाहते, गावोगाव नाले आहेत, आणि पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा एखादा पूल पाण्याखाली जातोच. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, मग दुचाकीची काय कथा. "पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं, पेपर बुडाला तरी चालेल" हा नियम घरात एकदा ठरवून टाका. आणि मग तो तुम्हीही पाळा. मागं पोराला बसवून पाण्यातून गाडी काढणाऱ्या बापाचं भाषण पोर ऐकत नाही, त्याची गाडी पाहतं.

दुसरी वीज. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात. त्यांतली बरीच आपल्यासारखी, वावरात असलेली. गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही. ट्रॅक्टरवर बसून राहायचं नाही. आडोसा जवळ नसेलच तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे, ते आपल्या आसपासच्या विजेची सूचना देतं. जो मोबाइल पृथ्वी फुटताना दाखवतो, त्याच मोबाइलवर ते उतरवून घ्या आणि पाहायची जबाबदारी लेकरावर सोपवा. "माय, ढग जवळ आले, चल घरी" असं म्हणणारं पोर एकाच वेळी तुमचा जीव वाचवतं आणि स्वतःची भीतीही घालवतं.

तिसरी फवारणी. 2017 चा हंगाम आपला जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. फवारणीच्या दिवशी लेकरू वावरात नको. रिकामा डबा घरात पाण्यासाठी, तेलासाठी नको. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. वारा पाठीवर घेऊन फवारा. हातमोजे आणि तोंडावरचं फडकं ही ऐट नव्हे, हे पोरानं बापाकडे पाहूनच शिकायचं आहे.

चौथा भूकंप. 10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही जमीन हलली. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा पहाटे चार वाजायच्या आधीचा भूकंप तुम्ही ऐकून आहात. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत होती, आणि जड दगड-मातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. हजारो माणसं गेली ती बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली. त्यानंतर किती तरी गावं नव्यानं बांधावी लागली. आपण एवढं तरी करू शकतो, की लेकरू झोपतं त्या भिंतीला माळ्याचं ओझं नको, डोक्यावरच्या फळीवर लोखंडी पेटी नको. जमीन हलली तर खाली बसायचं, डोकं झाकायचं, पलंगाखाली किंवा टेबलाखाली जाऊन त्याचा पाय घट्ट धरायचा, हलणं थांबलं की मोकळ्या जागेत यायचं. एका रविवारी खेळ म्हणून करून पाहा.

आता आकाशातलंही एक. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर 15 फेब्रुवारी 2013 ला सुमारे वीस मीटरचा एक दगड आकाशातच फुटला. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली. बरीचशी दगडानं नव्हे, खिडक्यांच्या काचांनी. आकाशात लख्ख उजेड पाहून ती खिडकीशी गेली होती आणि हादरा थोड्या वेळानं पोचला. आकाशातल्या संकटातही शेवटी उपयोगी पडतं ते हेच जमिनीवरचं शहाणपण: लख्ख उजेड दिसला की खिडकीपासून दूर.

घराच्या दारामागं खडूनं तीन आकडे लिहून ठेवा. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. लिहायला लेकरालाच सांगा.

प्रश्नाच्या पोटातला प्रश्न

आता ते, ज्यासाठी मी लिहायला बसले.

वर्गात हा प्रश्न वर्षभर सारखा येत नाही. तो कधी वाढतो हे मी पाहत आले आहे. सोयाबीन काढणीला आल्यावर पाऊस लागला की वाढतो. कापसाचा भाव पडला की वाढतो. 2017 मध्ये बोंडअळीनं बोंडं पोखरली, त्या दिवाळीनंतर तो फार वाढला होता. लघुग्रह काही कापसाचा भाव पाहून येत नाहीत. मग?

मग असं, की त्या दिवसांत आपल्या घरात काय बोललं जातं ते आठवा. "संपलं आता सगळं." "आता काही खरं नाही." "यापेक्षा मेलेलं बरं." आपण ते वैतागून बोलतो, बोलून मोकळं होतो, सकाळी पुन्हा वावरात जातो. लेकरू मात्र आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेलं असतं आणि एक ओळही वाचत नसतं. ते ऐकत असतं. आपल्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी येतं, हे त्यालाही माहीत आहे. त्याच्या वर्गात असं एखादं मूल बसतं, ज्याच्या घरात ते घडलेलं आहे. बापाला थेट विचारायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून ते पृथ्वीबद्दल विचारतं. "पृथ्वी संपणार का?" याचा अर्थ पुष्कळदा "बाबा, तुम्ही राहाल ना?" एवढाच असतो.

म्हणून प्रश्न आला की उत्तर द्यायच्या आधी एक उलट प्रश्न विचारा. "तुले असं काहून वाटलं?" आणि मग थांबा. लगेच बोलू नका. त्यानं व्हिडिओ पाहिला असेल तर ते व्हिडिओचं सांगेल, मग अपोफिस काढा, शून्यं मोजा. पण ते गप्प राहिलं, किंवा "काल तुम्ही म्हणत होते ना..." असं काही पुटपुटलं, तर लघुग्रह बाजूला ठेवा. तेव्हा घराबद्दल बोला.

अडचण लपवू नका, लेकरांना ती कळतेच. "यंदा कापूस गेला. पैशाची ओढ आहे. नवी सायकल यंदा नाही. बँकेत मी आणि तुझी आई सोमवारी जाणार आहोत. तुझी शाळा चालू राहील. आणि आम्ही कुठं जात नाही." अडचण, तिच्यावरचा उपाय आणि आपलं असणं, या तिन्ही गोष्टी त्याच्या कानावर पडल्या पाहिजेत. नुसती अडचण ऐकली की पोर रात्रभर जागतं. नुसतं "काही नाही, सगळं ठीक आहे" ऐकलं तर ते तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतं. मात्र जे खरोखर करणार आहात, तेवढंच बोला.

आणि बाबांनो, तुमच्यापैकी कोणाला ते "मेलेलं बरं" खरंच मनापासून वाटत असेल, तर ते भिंतीशी बोलू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक 14416 आहे. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. बायकोला सांगा, भावाला सांगा, गावातल्या आशाताईला सांगा. यात बापाचं बापपण कमी होत नाही. हा क्रमांकही त्या दारामागच्या आकड्यांखाली लिहा.

लहान, मधलं आणि मोठं

पाच-सहा वर्षांच्या लेकराला आकडे नकोत. त्याला "मी आहे, तू माझ्याजवळ आहेस" एवढं आणि शेजारी झोपायला जागा पुरते. त्याच्यासमोर बातम्या लावू नका. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना वाहिन्या कार्यक्रमांत सायरन वाजवत होत्या, इतक्या की ते वापरू नका असं सरकारला सांगावं लागलं. त्या दिवसांत बोरीतली लेकरंही भोंग्याचा आवाज आला की दचकत असतील, तर नवल नाही. लहान मुलाला टीव्हीतलं आणि अंगणातलं वेगळं करता येत नाही.

नऊ ते बारा वर्षांच्या पोराला कारणं हवी असतात. विहीर, लोणार, शून्यं हे सगळं त्याच्यासाठी. त्याला पाऊस मोजायला द्या. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी पट्टीनं पाणी मोजायचं, वहीत तारीख घालून लिहायचं. एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर पडला तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरतात. पुढं पंचनाम्याच्या वेळी महसूल मंडळाचा आकडा काय निघतो आणि आपल्या डब्याचा काय, हे ताडून पाहताना तेच पोर तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारेल. आभाळाकडे घाबरून पाहणारं मूल आभाळ मोजू लागलं की बदलतं.

दहावी-बारावीच्या मुलांना फसवू नका. त्यांना हवामानबदलाचं माहीत असतं. 2024 हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात तापलेलं वर्ष ठरलं. औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा पृथ्वीचं सरासरी तापमान त्या वर्षी सुमारे दीड अंशानं जास्त होतं. यानं पृथ्वीवरचं जीवन संपणार नाही, पण भर उन्हात वावरात राबणाऱ्यांचं जगणं अवघड होत जाईल, हे स्पष्ट सांगा. मग धुऱ्यावर कोणती झाडं लावायची, शेततळं घ्यायचं का, मे महिन्यात काम पहाटे सुरू करायचं का, या बोलण्यात त्याला बसवा. त्याचं मत घ्या. घरातल्या निर्णयात वाटा मिळालेलं पोर हताश होत नाही.

आणि भीती दोन-तीन आठवडे हटत नसेल, रात्री झोप नसेल, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखत असेल, पूर्वीचा खेळ सुटला असेल, जेवण कमी झालं असेल, तर ते नाटक नाही. आधी शाळेत येऊन सांगा, मग डॉक्टरांना दाखवा. 14416 वर लेकरांसाठीही बोलता येतं.

पुढच्या पालकसभेला आईसोबत बाबांनीही या. गुणपत्रिकेवर सही करण्यापुरते नका येऊ. तुमच्या लेकरानं घरी विचारलेला, उत्तर न सापडलेला एक प्रश्न कागदावर लिहून आणा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. उत्तर माहीत नसणं ही लाजेची गोष्ट नाही. "मला ठाऊक नाही, उद्या शोधू" असं म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच शोधायला बसणारा बाप ज्या घरात आहे, त्या घरातल्या लेकराला रात्री अकरा वाजता मोबाइलला विचारायची गरज उरत नाही.